ठिगळांचा इतिहास : नेटवर्क वाचणाऱ्या एका प्रोग्रामची साडेतीन दशके

१/
काही महिन्यांपूर्वी एका परिसंवादात मी संगणकाच्या एका प्रोग्रामच्या इतिहासावर टिपण वाचले. ते संपल्यावर एका ज्येष्ठ अभ्यासकांनी विचारले, "सगळे ठीक आहे, पण यात घटना कोणती?" सभागृहात हलके हसू उमटले आणि मला काही उत्तर सुचले नाही. आजचा हा दीर्घ धागा म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर. विषय आहे टीसीपीडम्प आणि वायरशार्क हे दोन प्रोग्राम, आणि त्यांत वर्षानुवर्षे होत गेलेल्या किरकोळ दुरुस्त्या. #इतिहास #धागा

२/
आधी थोडी ओळख. आपण मोबाइलवर एखादे छायाचित्र पाठवतो तेव्हा ते सलग जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर कोठून, कोठे, कितवा असा मजकूर चढतो. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. जुन्या टपालात खलिता थैलीत, थैली बटव्यात आणि बटवा जासुदाच्या झोळीत जावा, तसे पॅकेटाच्या आत पॅकेट असते. प्रत्येक आवरणावर वेगळ्या पद्धतीचा पत्ता आणि वेगळे नियम असतात. या नियमांना प्रोटोकॉल असे नाव आहे.

३/
टीसीपीडम्प आणि वायरशार्क ही आवरणे एकेक करून उलगडतात आणि आतला मजकूर माणसाला वाचता येईल असा मांडतात. नेटवर्क मंद का झाले, पत्र कोठे अडकले, कोणी खोटे नाव लावून आले का, हे त्यावरून कळते. मोडी वाचकाने दफ्तरातील रुमाल सोडून एकेक कागद लावावा, तसे हे काम आहे. फरक इतकाच की येथे कागद सेकंदाला हजारोंनी येतात आणि त्यांतले काही मुद्दाम वाचकाला फसवण्यासाठी लिहिलेले असतात. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे ती फार महत्त्वाची ठरते.

४/
कथा ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू होते. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यात अंतर सुमारे ४०० यार्ड, म्हणजे पायी पाच मिनिटांचे. या दोन ठिकाणांमधील माहितीचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून घसरून ४० बिटांवर आला. तारा शाबूत होत्या, यंत्रेही चालू होती. तरी संदेश चालत नेऊन दिला असता तर लवकर पोचला असता, अशी अवस्था झाली. इंटरनेटवरील कोंडीच्या इतिहासातील ही पहिली मोठी नोंद मानली जाते.

५/
प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन यांनी या कोंडीचा शोध घेतला. उत्तर असे निघाले की पॅकेट हरवले की प्रत्येक यंत्र ते घाईने पुन्हा पाठवी, त्यामुळे गर्दी वाढे, गर्दीमुळे आणखी पॅकेटे हरवत. उपाय १९८८ च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात आहे. त्यातील एक भाग, 'स्लो स्टार्ट', म्हणजे आरंभ सावकाश करून हळूहळू वेग वाढवणे. तो अमलात आणायला पाठवणाऱ्या यंत्राच्या कोडमध्ये एक नवे चल आणि तीन ओळी पुरतात, असे त्यांनी तेथेच नोंदवले आहे. तीन ओळी! पण त्या तीन ओळी कोठे घालायच्या हे कळण्यासाठी तारेतून नेमके काय वाहते आहे ते डोळ्यांनी पाहणे आवश्यक होते.

६/
पाहण्याचे ते साधन म्हणजे टीसीपीडम्प. बहुतेक संदर्भग्रंथ त्याचा जन्म १९८८ सालचा सांगतात. पण प्रोग्रामच्या मुख्य फाइलीच्या माथ्यावर जी टीप आहे ती १९८७ हे साल देते. जेकबसन यांनी तो प्रथम लिहिला. नंतर त्यांनी, स्टीव्ह मॅकॅन आणि क्रेग लेरेस यांनी मिळून त्याची निर्दयपणे तोडफोड केली आणि अधूनमधून त्यात सुधारणाही झाली, अशा अर्थाची कबुली त्याच टिपेत आहे. बखरकाराने आपल्या बखरीबद्दल इतके प्रामाणिक लिहिल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. 'निर्दयपणे तोडफोड, अधूनमधून सुधारणा' हे या साऱ्या इतिहासाचे घोषवाक्यच ठरावे.

७/
पहिली मोठी सुधारणा वेगाची. पूर्वीच्या साधनांत प्रत्येक पॅकेट यंत्राच्या गाभ्यातून उचलून प्रोग्रामपर्यंत आणले जाई आणि मग ते हवे की नको हे ठरे. म्हणजे सारे धान्य घरात आणायचे आणि मग पाखडायचे. मॅकॅन आणि जेकबसन यांनी पाखडण्याचे काम खळ्यावरच, म्हणजे यंत्राच्या गाभ्यातच करायची सोय केली. या रचनेला बीपीएफ म्हणतात. जानेवारी १९९३ मध्ये त्यांनी ती निबंधातून मांडली. जुन्या पद्धतीच्या गाळणीपेक्षा ही गाळणी २० पटींपर्यंत आणि सन कंपनीच्या तत्कालीन साधनापेक्षा एकूण काम १०० पटींपर्यंत वेगवान, असा त्यांचा दावा होता.

८/
यातील कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. गाभ्यात गाळणी बसवण्याचा प्रयत्न १९८० च्या दशकात आधीच झाला होता आणि निबंधात त्याचा ऋणनिर्देशही आहे. मात्र ती जुनी गाळणी ज्या काळच्या यंत्रांसाठी बेतली होती तो काळ सरला होता. नव्या यंत्रांत स्मृतीपर्यंत जाऊन येणे तुलनेने महाग झाले होते. म्हणून गाळणीची आतली रचना बदलली, हेतू तोच ठेवला. घरातले जाते तेच, फक्त खुंटा नव्या हाताला जुळेल असा बसवला. तंत्रज्ञानाच्या इतिहासात ज्याला आपण 'शोध' म्हणतो ते पुष्कळदा असेच असते.

९/
आता एक अगदी क्षुल्लक वाटणारा आकडा पाहू : ६८. प्रारंभीचा टीसीपीडम्प प्रत्येक पॅकेटचे फक्त पहिले ६८ बाइट जपून ठेवी. हिशेब सरळ होता. बाहेरच्या आवरणाचा मजकूर १४ बाइट, त्याच्या आतला २०, त्याच्याही आतला २०, झाले ५४. उरलेले १४ वरकड. पत्ता कळण्याशी मतलब, पत्र कशाला वाचायचे? शिवाय डिस्क महाग, स्मृती महाग. त्या काळच्या काटकसरीचे चित्र या एका आकड्यात उमटले आहे.

१०/
पुढे पत्तेच लांब झाले. नवे प्रोटोकॉल आले. आतला मजकूर पाहिल्याशिवाय दोष सापडेना. कोणीतरी तासन्‌तास पॅकेटे नोंदवून ठेवायचे आणि नंतर कळायचे की हवा तोच भाग कापला गेला आहे. मग ही मर्यादा पुढल्या आवृत्त्यांत ६५,५३५ झाली आणि त्यानंतर २,६२,१४४. कोडच्या दृष्टीने बदल एका आकड्याचा. वापरणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र असंख्य फुकट गेलेल्या रात्रींचा. इतिहासकार या रात्री कोठे शोधणार? त्यांचा पुरावा म्हणजे तो बदललेला आकडाच.

११/
टीसीपीडम्पच्या पोटातून पॅकेट पकडण्याचा भाग वेगळा काढला गेला, त्याचे नाव लिबपीकॅप. त्याच्याबरोबर नोंदी साठवण्याची एक पद्धतही रूढ झाली. अशा प्रत्येक फाइलीच्या आरंभी एक ठरलेली खूण असते : ए१ बी२ सी३ डी४. ही खूण सरळ वाचता आली तर फाइल आपल्यासारख्याच यंत्रावर लिहिलेली. उलटी आली तर अंक उलट क्रमाने मांडणाऱ्या यंत्रावर. पत्राच्या माथ्यावरचे 'श्री' पाहून कागद सुलटा की उलटा हे ओळखावे, तसेच. या चार बाइटांच्या शहाणपणामुळे नव्वदच्या दशकात नोंदवलेली फाइल आजच्या संगणकावर सहज उघडते.

१२/
१९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रयोगशाळेचे लक्ष अन्यत्र वळले. टीसीपीडम्प वापरात होताच. त्यामुळे जो तो आपापल्या गरजेची दुरुस्ती आपल्यापुरती करून घेऊ लागला. एकाच ग्रंथाच्या अनेक पोथ्या व्हाव्यात आणि प्रत्येकीत निराळे पाठभेद असावेत, तशी स्थिती झाली. १९९९ मध्ये मायकेल रिचर्डसन आणि बिल फेनर यांनी हे विखुरलेले पाठ गोळा करून एका ठिकाणी सांधायला घेतले. हे काम संपादकाचे होते, शोधकाचे नव्हे. तरीही आज आपण जो टीसीपीडम्प वापरतो तो या संपादनामुळे उरला.

१३/
याच सुमारास कॅन्सस सिटीत दुसरा धागा विणला जात होता. जेराल्ड कॉम्ब्स हे एका छोट्या इंटरनेट कंपनीत काम करीत. नेटवर्कमधले दोष हुडकायला साधन हवे होते. बाजारातल्या साधनांची किंमत सुमारे १,५०० डॉलर. आणि इतके मोजूनही ती त्यांच्या कंपनीतल्या सोलारिस व लिनक्स यंत्रांवर चालत नसत. तेव्हा १९९७ च्या अखेरीस त्यांनी स्वतःच लिहायला घेतले. लिहिणे मध्ये मध्ये थांबले, पुन्हा सुरू झाले. जुलै १९९८ मध्ये 'इथिरियल' या नावाने पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिचा क्रमांक ०.२.० होता.

१४/
काही दिवसांतच अनोळखी लोकांकडून दुरुस्त्या येऊ लागल्या. इंग्रजीत अशा दुरुस्तीला पॅच म्हणतात. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, ठिगळ. गिल्बर्ट रामिरेझ यांनी लवकरच एक ठिगळ लावले. ऑक्टोबर १९९८ मध्ये गाय हॅरिस आले. हाती असलेल्या साधनापेक्षा बरे काहीतरी त्यांना हवे होते. रिचर्ड शार्प नेटवर्कचे वर्ग घेत. शिकवायला लागणारे प्रोटोकॉल यात नव्हते, म्हणून त्यांनी ते घातले. कोणीही सारा प्रोग्राम लिहायला आला नव्हता. प्रत्येकाला आपल्या पुढ्यातले एक पॅकेट वाचायचे होते.

१५/
हे शक्य झाले ते रचनेमुळे. प्रत्येक प्रोटोकॉलसाठी एक स्वतंत्र तुकडा, त्याला 'डिसेक्टर' म्हणतात. बँकांचे संदेश ज्याला कळतात त्याने तो तुकडा लिहावा, दूरध्वनीचे ज्याला कळतात त्याने तो. इतरांचे काही बिघडत नाही. गोधडी शिवताना प्रत्येक घरातून एक चिंधी यावी आणि शिवण मात्र एका धाग्याची असावी, तसे हे झाले. पण येथेच धोकाही शिरला. शेकडो हातांनी लिहिलेल्या शेकडो तुकड्यांपैकी प्रत्येकाने सावध असणे अवघड होते.

१६/
धोका कोणता? जुन्या पत्रांत कधी कधी 'सोबत बंद १२' असे लिहिलेले असते आणि रुमालात कागद मिळतात तीनच. आपण 'बाकीचे गहाळ' अशी नोंद करून पुढे जातो. पॅकेटांतही असेच असते : पुढील २०० बाइट म्हणजे नाव, असे ते सांगते आणि प्रत्यक्षात ५० च बाइट असतात. भोळा प्रोग्राम शब्दावर विश्वास ठेवून २०० मोजतो. पहिले ५० पॅकेटातले, उरलेले १५० शेजारच्या स्मृतीतले, ज्यावर त्याचा काही हक्क नाही. कधी प्रोग्राम कोसळतो. कधी, पॅकेट कुटिलपणे रचलेले असेल तर, वाचणारे यंत्रच परक्याच्या ताब्यात जाते.

१७/
विरोधाभास पाहा. चोर पकडण्यासाठी नेमलेला पहारेकरी चोराचे पत्र वाचतो, आणि ते वाचणे हीच चोराची वाट ठरते. इथिरियलमध्ये असे दोष इतके सापडले की सुरक्षेबाबत काटेकोर असलेल्या ओपनबीएसडी प्रकल्पाने २००४ मध्ये, आपल्या ३.६ या आवृत्तीपूर्वी, ते आपल्या संग्रहातून काढून टाकले. लोकप्रिय प्रोग्रामची एवढी जाहीर नाचक्की क्वचितच झाली असेल. आणि हा निर्णय अन्याय्य होता असे मला कागदपत्रे पाहून वाटत नाही.

१८/
पण दुरुस्ती आधीच सुरू झाली होती. २००० साली रामिरेझ यांनी पॅकेट वाचण्याची एक नवी रीत घातली. त्यापूर्वी डिसेक्टरला स्मृतीतला कच्चा पत्ता दिला जाई; किती वाचायचे ते त्याने पाहावे. नव्या रीतीत मध्ये एक कारभारी आला. जे हवे ते त्याच्याकडे मागायचे. हद्दीबाहेरचे मागितले की तो चिडतो आणि काम तेथेच थांबवतो. 'चिडतो' हा माझा अलंकार नाही. मूळ कोडमध्ये या बफरला 'टेस्टी', म्हणजे चिडका, असेच विशेषण दिले आहे.

१९/
आज वायरशार्कमध्ये एखाद्या ओळीवर 'मालफॉर्म्ड पॅकेट' असा शेरा दिसतो, तो या चिडक्या कारभाऱ्याचा. पूर्वी जेथे प्रोग्राम कोसळला असता तेथे आता एक शेरा उमटतो आणि वाचन पुढे चालू राहते. मात्र सारे डिसेक्टर एका रात्रीत नव्या रीतीला लागले नाहीत. जुने आणि नवे काही काळ शेजारी नांदले. मधल्या काळासाठी दोन्हींना जोडणारा तात्पुरता कोडही होता. एकेक फाइल उघडायची, जुनी रीत काढायची, नवी घालायची, तपासायची. या कामाला कोणी समारंभ केला नाही.

२०/
दुसरी दुरुस्ती अधिकारांची. तारेवरून पॅकेटे उचलायला यंत्राचे विशेष अधिकार लागतात. ती वाचायला लागत नाहीत. पूर्वी एकच प्रोग्राम दोन्ही कामे करी, म्हणजे लाखो ओळींचा कोड सर्वाधिकार घेऊन चाले. पुढे उचलण्याचे काम 'डम्पकॅप' नावाच्या छोट्या प्रोग्रामकडे सोपवले. किल्ल्या एका अबोल शिपायाकडे, पत्र वाचणारा कारकून किल्ल्यांविना. कारकून फसला तरी कोठार सुरक्षित. आपल्या जुन्या दरबारी व्यवस्थेतही खजिन्याची किल्ली आणि जमाखर्चाची वही एका हाती ठेवीत नसत, त्यामागचे शहाणपण हेच.

२१/
तिसरी दुरुस्ती ही दुरुस्ती करण्याच्या रीतीचीच होती. खऱ्या नोंदी घ्यायच्या, त्यांतील बाइट यदृच्छया बिघडवायचे आणि अशी बिघडलेली पॅकेटे प्रोग्रामला सतत खाऊ घालायची. कोसळला की कारण शोधायचे. याला फझ टेस्टिंग म्हणतात. शत्रूने येऊन भिंत पाडण्याची वाट न पाहता आपणच रोज धडका द्यायच्या, अशी ही पद्धत. तिच्यातून निघालेल्या दुरुस्त्या बहुधा एक-दोन ओळींच्या असतात : येथे लांबी तपासा, येथे शून्याने भाग जाऊ देऊ नका, येथे हे चक्र अनंत फिरू शकते.

२२/
टीसीपीडम्पलाही हे भोग चुकले नाहीत. सप्टेंबर २०१७ मध्ये त्याची ४.९.२ ही आवृत्ती आली. तीत सुमारे ९० सुरक्षा-त्रुटी एकदम बुजवल्या होत्या. पहिली ओळ लिहिल्याला तेव्हा तीस वर्षे झाली होती. तीस वर्षे हजारो लोकांनी रोज वापरलेल्या कोडमध्ये! याचा अर्थ आधीचे लोक निष्काळजी होते असा नव्हे. १९८७ च्या प्रयोगशाळेत पॅकेट पाठवणारा बहुधा ओळखीचा असे. २०१७ मध्ये तो कोणीही असू शकतो. जुन्या कोडचा दोष पुष्कळदा त्या काळच्या विश्वासाचा अवशेष असतो.

२३/
येथे एक काळी नोंदही करायला हवी. नोव्हेंबर २००२ मध्ये टीसीपीडम्पच्या संकेतस्थळात कोणी घुसले आणि तेथील मूळ फाइलींत भेसळ केली. प्रोग्राम बांधताना एक छुपे दार उघडे आणि त्या दाराची रहदारी १९६३ या क्रमांकाच्या पोर्टवरून चाले. लिबपीकॅपमध्ये आणखी एक फेरफार होता : गाळणीने १९६३ क्रमांकाची पॅकेटे दाखवूच नयेत. म्हणजे पाहणाऱ्या डोळ्यालाच नेमके एक ठिकाण आंधळे केले होते. पोथीत प्रक्षेप घुसवणाऱ्याने आपल्याबद्दलची टीपही खोडावी, तसा हा प्रकार.

२४/
ही फेरफार-कथा मला फार बोलकी वाटते. भल्यासाठी केलेली ठिगळे जशी लहान असतात, तशीच ही वाईट ठिगळेही लहान होती. आकारावरून दोहोंत फरक कळत नाही. फरक कळतो तो शुद्ध प्रत आणि भेसळीची प्रत ताडून पाहिल्यावर, आणि कोणी काय केव्हा बदलले याची वही जपलेली असली तरच. प्रोग्रामवरचा विश्वास हा शेवटी त्या वहीवरचा विश्वास असतो.

२५/
त्या वहीची परीक्षा २००६ मध्ये झाली. कॉम्ब्स यांनी नोकरी बदलली आणि ते कॅलिफोर्नियातील केस टेक्नॉलॉजीजमध्ये गेले. कोडचा बराचसा स्वामित्वहक्क त्यांच्याकडे होता आणि उरलेला कोड मुक्त परवान्याखाली होता; पण 'इथिरियल' हे नाव त्यांच्या मालकीचे नव्हते. आठ वर्षे जगभर गाजलेले नाव तेथेच सोडावे लागले. नवे नाव ठेवले वायरशार्क. इथिरियलची शेवटची आवृत्ती ०.९९.०, वायरशार्कची पहिली ०.९९.१ ची पूर्वावृत्ती. नाव बदलले, मोजणी मात्र पुढे चालू राहिली.

२६/
दफ्तर एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात हलवावे, तसा बदलांचा सारा संग्रह नव्या घरी गेला आणि लोक त्याच्यामागून आले. जुन्या नावामागे दफ्तर उरले नाही. जेथे दफ्तर होते तेथे प्रकल्प जगला. गादी कोणाची आणि कागद कोणाकडे, हा प्रश्न आपल्या इतिहासात काही नवा नाही. पुढेही या संग्रहाने घरे बदलली : आधी सीव्हीएस, मग सबव्हर्जन, २०१४ पासून गिट, २०२० मध्ये गिटलॅब. दर वेळी जुन्या नोंदी सोबत नेल्या. १९९८ सालचा बदल आजही उघडून वाचता येतो.

२७/
कालखंड पाडण्याच्या आपल्या सवयीबद्दल एक सावधगिरी. वायरशार्कची १.० ही आवृत्ती मार्च २००८ मध्ये आली, पहिल्या प्रसिद्धीनंतर जवळजवळ दहा वर्षांनी. पाठ्यपुस्तकी इतिहास येथे 'नव्या पर्वाचा आरंभ' लिहील. पण आदल्या दिवशीचा आणि त्या दिवशीचा कोड ताडून पाहिला तर पर्व बदलल्याची खूण सापडत नाही. शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकाखालीच जगभरच्या कार्यालयांत तो कामाला लागला होता. राज्याभिषेकाची तारीख आणि राज्य उभे राहण्याचा काळ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, हे आपण शिकलेलो आहोतच.

२८/
मोठा दिसणारा बदलही असाच हळू घडला. खिडक्या आणि बटणे काढणारी जुनी व्यवस्था, जीटीके, मॅक संगणकांवर नीट चालत नसे. ती बदलून क्यूटी आणायचे ठरले. २०१५ च्या २.० आवृत्तीत नवे रूप मुख्य झाले. पण जुने रूप लगेच मोडले नाही. ज्यांचा हात जुन्याला बसला होता त्यांच्यासाठी ते शेजारी ठेवले आणि २०१९ मध्ये ३.० आवृत्तीत काढले. नोंदी साठवण्याची पद्धतही २०१२ मध्ये १.८ आवृत्तीपासून नवी झाली, तरी जुन्या फाइली उघडणे कधी थांबले नाही. जुने घर पाडून नवे बांधण्यापेक्षा राहत्या घरात एकेक वासा बदलणे कठीण असते.

२९/
२०१८ सालचा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टम पुरस्कार वायरशार्कला मिळाला. नाव जेराल्ड कॉम्ब्स यांचे. ते उचितच आहे. पण प्रोग्रामसोबत 'ऑथर्स' नावाची एक फाइलही येते. तीत शेकडो नावे आहेत आणि अनेक नावांपुढे त्यांनी काय केले त्याची ओळ. कोणी एक प्रोटोकॉल लिहिला, कोणी एक दोष सुधारला. मंदिराच्या पायरीवर दात्याचे नाव कोरतात, तशी ही पायरी. आपण इतिहासवाले कळसाचा फोटो काढतो आणि पायरीवरून चालत जातो.

३०/
साधनचिकित्साही करू. ही बदलांची वही निर्दोष नाही. एखाद्या ओळीला शेवटचा हात कोणाचा लागला हे ती सांगते. पहिल्यांदा ती कोणाला सुचली हे नेहमी सांगत नाही. कोणी नुसती मोकळी जागा सरळ केली तरी ओळ त्याच्या नावावर चढते. दोष प्रथम ज्याला दिसला, ज्याने रात्री बसून नोंद पाठवली, दुसऱ्याचे ठिगळ ज्याने तपासून परत केले, त्यांची नावे पुष्कळदा निसटतात. तरी मला अठराव्या शतकातील किती वाड्यांबद्दल असे सांगता येईल की ही वीट अमुक दिवशी, अमुक कारणासाठी, अमुक माणसाने बदलली?

३१/
म्हणून या बदलांसोबत लिहिलेली कारणे मला कोडइतकीच मोलाची वाटतात. 'दुरुस्ती केली' एवढेच लिहिणारा माणूस पुढच्याला मुका ठेवतो. 'लांबी शून्य असेल तर येथे चक्र थांबत नाही, म्हणून तपासणी घातली' असे लिहिणारा पुढच्या पिढीशी बोलतो. दहा वर्षांनी कोणी तरुण ती तपासणी निरर्थक समजून काढायला जाईल, तेव्हा ती ओळच त्याचा हात धरील. ठिगळ लावणे हे अर्धे काम. का लावले ते सांगणे हे उरलेले अर्धे.

३२/
२०२३ मध्ये या प्रकल्पासाठी वायरशार्क फाउंडेशन स्थापन झाले. एका माणसाच्या गरजेतून निघालेले काम त्या माणसानंतरही चालावे, अशी ही तजवीज. बीपीएफची कल्पना तर आणखी पुढे गेली. २०१४ पासून लिनक्सच्या गाभ्यात तिचे विस्तारित रूप रुजले आणि पॅकेट गाळण्यापलीकडची कामे करू लागले. पण माझा मुद्दा या विस्ताराचा नाही. माझा मुद्दा त्या परिसंवादातील प्रश्नाचा आहे.

३३/
"यात घटना कोणती?" सर, आता मला वाटते ते सांगते. बिघडलेले पॅकेट आले आणि प्रोग्राम कोसळला नाही. कुटिल पॅकेट आले आणि यंत्र परक्याच्या हाती गेले नाही. पंचवीस वर्षांपूर्वीची फाइल उघडली आणि ती उघडली. हा न घडलेल्या घटनांचा इतिहास आहे. धरण फुटले तर आपण ग्रंथ लिहितो. दर उन्हाळ्यात त्याच्या भेगा बुजवणाऱ्या गवंड्याची नोंद फक्त हजेरीपटात असते. तो हजेरीपट येथे सुदैवाने शाबूत आहे, सर्वांना खुला आहे, आणि फार थोड्या इतिहासकारांनी तो उघडला आहे.

३४/
माझ्या आजीची एक गोधडी घरात आहे. तिच्यातले मूळचे लुगडे कोणते हे आता कोणालाच सांगता येत नाही. दर दोन-चार वर्षांनी तिच्यावर एक थर चढत गेला. कोणता तुकडा कोणाचा, हे आजीला तोंडपाठ होते. ती गेली आणि ते ज्ञान गेले. गोधडी ऊब देते, पण बोलत नाही. वायरशार्कची गोधडी अजून बोलते, कारण प्रत्येक ठिगळाशेजारी कोणीतरी दोन शब्द लिहून ठेवले. वाचकहो, आपापल्या कामात ते दोन शब्द लिहायला विसरू नका. उद्याचा इतिहासकार त्यांवरच जगणार आहे.

(धागा समाप्त. चूक आढळल्यास खाली अवश्य सांगावी; दुरुस्ती कारणासह आणि सुचवणाऱ्याच्या नावानिशी नोंदवीन.)